दाढीचा ब्रश आणि विशेषणांची किंमत

दोनशे पौंडांचा दाढीचा ब्रश घेण्याजोगा असतो काय, हा प्रश्न साहित्याच्या चर्चेत आणणे अनेकांना औचित्यभंगासारखे वाटेल. तरीही तो आम्ही येथे मांडतो, आणि त्याला कारण आहे. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटसारख्या ठिकाणी जे ब्रश दोनशे पौंडांच्या पुढे विकले जातात, त्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या वस्तूबद्दल लिहिलेल्या गद्याचा असतो, असे आमचे मत आहे. गद्य वाचणे आणि त्यातील विशेषणांचे वजन करणे हा तर साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा व्यवसायच. तेव्हा हे वाचन आपण नाही करायचे तर कोणी?

प्रथम वस्तूकडे पाहू. ब्रशाचे काम तसे साधे असते. साबणात पाणी आणि हवा घोळवून दाट फेस करायचा, तो चेहऱ्यावर पसरायचा आणि केस उभे करायचे. यातला खरा कर्ता पाणी. दाढीचा केस दोन-तीन मिनिटे भिजला की मऊ होतो आणि पाते त्याला कमी जोराने कापते. मराठीला हे पूर्वापार ठाऊक आहे. 'बिनपाण्याने हजामत' करणे हा वाक्प्रचार ज्या भाषेने घडवला, तिला या व्यवहारातले पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ब्रशाची पहिली कसोटी म्हणूनच एवढी की तो पाणी किती धरतो आणि कसे सोडतो.

या कसोटीवर बॅजर या प्राण्याचा केस खरोखरच उतरतो, हे मान्य केले पाहिजे. तो मध्यभागी जाड आणि टोकाशी निमुळता असतो. पाणी भरपूर धरतो आणि त्वचेला टोचत नाही. चांगला कारागीर केसांची टोके छाटत नाही. साच्याच्या वाटीत टोके खाली करून केस रचले जातात, ठोकून बसवले जातात, मुळाशी दोऱ्याने बांधून मुठीत चिकटवले जातात. झुबक्याचा गोलाई घेतलेला आकार कात्रीने न आणता रचनेतून आणला जातो. स्वस्त ब्रशात टोके छाटलेली असली तर ती गालाला लगेच जाणवतात. हे हस्तकौशल्य खरे आहे आणि त्याला दाम मिळायला हवा, याबद्दल आमचे दुमत नाही.

आमचे दुमत पुढच्या पायरीशी आहे. बॅजरच्या केसांच्या ज्या प्रती बाजारात सांगितल्या जातात त्या साधारण चढत्या क्रमाने अशा: 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर' आणि 'सिल्व्हरटिप'. यातली 'बेस्ट', म्हणजे सर्वोत्तम, ही तळापासून दुसरी पायरी आहे, याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष गेल्यावाचून राहू नये. सर्वोत्तमाच्या वर आणखी दोन मजले बांधायचे तर व्याकरण मोडावे लागते; येथे ते निःसंकोच मोडले आहे. या प्रती ठरवणारे सर्वमान्य असे एखादे मानक नाही. एका उत्पादकाचे 'सुपर' दुसऱ्याच्या 'बेस्ट'च्या बरोबरीचे असू शकते. म्हणजे गिऱ्हाईक ज्या शब्दासाठी शंभर पौंड अधिक मोजते, त्या शब्दाचा अर्थ विकणाराच ठरवतो.

अशा वेळी आम्हाला आय. ए. रिचर्ड्स आठवतात. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांवर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. तोच प्रयोग ब्रशांवर का करू नये? नाव झाका, किंमत झाका, मूठ कापडात गुंडाळा आणि फेस करा. दहा-पंधरा पौंडांचा, डुकराच्या राठ केसांचा ब्रश, तेवढ्याच किमतीचा कृत्रिम तंतूंचा ब्रश आणि दोनशे पौंडांचा सिल्व्हरटिप यांतला स्पर्शाचा फरक पुष्कळांना ओळखू येईल. परंतु दाढी झाल्यावर केवळ गालावरून हात फिरवून कोणता ब्रश वापरला होता हे सांगणे कठीण जाईल, असा आमचा कयास आहे. कारण ते काम पात्याचे आणि पाण्याचे असते.

मात्र रिचर्ड्स यांच्या प्रयोगातून दुसराही धडा मिळतो. नावे झाकल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी चांगल्या कवितांनाही झिडकारले होते. एका बैठकीतले वाचन न्याय्य असतेच असे नाही. डुकराच्या केसांचा ब्रश पहिल्या दिवशी टोचतो. वापरण्याआधी तो पाण्यात भिजवून ठेवावा लागतो. पण काही आठवडे रोज वापरला की त्याच्या केसांची टोके दुभंगत जातात आणि तो मऊ होतो. महागडा ब्रश जे सुख पहिल्याच दिवशी हातात ठेवतो, त्याच्या बरेच जवळ स्वस्त ब्रश सवयीने पोचतो. एकात पैसा मोजावा लागतो, दुसऱ्यात धीर. अवघड पुस्तकाशी वाचक जसा हळूहळू रुळतो, त्या जातीचा हा अनुभव आहे, आणि तो कोणत्याही प्रतवारीत छापलेला नसतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. उपयुक्ततेची फूटपट्टी घेऊन सौंदर्य मोजू नये, हे साहित्यवाल्यांनीच तर जगाला सांगितले. मग ब्रशापुरते उपयोगितावादी व्हायचे हा दुटप्पीपणा नव्हे काय? आमचे उत्तर असे. कवितेचे मोल तिच्या आवृत्तीच्या किमतीने वाढत नाही. रेशमी बांधणीतली कविता आणि फुटपाथवरच्या जुन्या प्रतीतली कविता एकच असते. ऐषारामी वस्तूचे याच्या उलट. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ सालच्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास'मध्ये हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याचे उदाहरण घेऊन दाखवले की ज्याला आपण सौंदर्य म्हणतो, त्यात पुष्कळदा महागपणाचा मान मिसळलेला असतो. चमचा नकली आहे असे कळताच तो आपल्याला कमी सुंदर दिसू लागतो, वास्तविक त्याचा आकार तसूभरही बदललेला नसतो.

नकलेचा हा प्रश्न ब्रशाच्या बाबतीत फार उद्बोधक आहे. जुन्या ब्रशांच्या मुठी हस्तिदंताच्या असत. आज त्याच घाटाच्या मुठी हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या रेझिनच्या केल्या जातात आणि रसिक त्या आनंदाने हाती धरतात. मुठीतली नक्कल ज्याला खपते, त्यालाच केसांतली नक्कल मात्र अप्रतिष्ठेची वाटते! नकलेने कधी अनर्थ केला नाही असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा विस्कटला, तेव्हा नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांपासून बॅजरसारखे दिसणारे ब्रश झाले आणि त्यांतून सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्सची लागण झाली, काही दगावलेही. आजच्या कृत्रिम तंतूत तो धोका नाही. तो लवकर वाळतो आणि फेसही उत्तम करतो. तरी पुष्कळ उत्पादक त्यावर बॅजरच्या केसांचे काळे-पांढरे पट्टे रंगवतात, कारण डोळ्याला जुन्या प्रतिष्ठेची खूण हवी असते.

आणि आता त्या गद्याने जे सांगितलेले नसते त्याविषयी. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे. परवान्यावाचून त्याला मारणे हा गुन्हा आहे. लंडनच्या दुकानातल्या ब्रशाचे केस म्हणूनच इंग्लंडच्या रानातून येत नाहीत. ते प्रामुख्याने चीनमधून येतात. तेथे या प्राण्यांना कसे कोंडले आणि मारले जाते, याचे चित्रण 'पेटा' या संस्थेने २०१८ साली जगापुढे ठेवले आणि त्यानंतर काही विक्रेत्यांनी हा केस वापरणे थांबवले. परंपरा, कारागिरी, वारसा हे शब्द जेथे मुबलक असतात, तेथे प्राणी मारला गेला हे वाक्य सहसा सापडत नाही. संहितेत काय गाळले आहे ते शोधणे हे समीक्षेचे जुने काम आहे. येथे गाळलेली गोष्ट एक जीव आहे, आणि म्हणून हा केवळ अभिरुचीचा वाद राहत नाही.

आमचा निष्कर्ष मग सरळ आहे. कोणाकडे वडिलांचा वा आजोबांचा बॅजरचा ब्रश असेल तर त्याने तो खुशाल वापरावा. टाकून दिल्याने कोणाचेच भले होणार नाही. नवा घ्यायचा झाल्यास सिल्व्हरटिपसाठी दोनशे पौंड देऊ नयेत. ज्याला कारागिरीचीच ओढ आहे, त्याने चांगल्या कातकाम करणाऱ्याकडून लाकडाची मूठ करून घ्यावी आणि तीत कृत्रिम तंतूंचा झुबका बसवावा. तो पैसा एका माणसाच्या हातांना मिळेल, आणि मुठीची घडण रोज तळहाताला जाणवत राहील. उरलेल्या पैशांत पुस्तके येतात. विशेषणे तेथेही असतातच, पण पुस्तक उघडून पाने चाळली की त्यांची शहानिशा दुकानात उभ्या उभ्याही करता येते.