दुसऱ्याच्या पायरीवरचे पर्यटन

आपल्या घराच्या पायरीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर आपण 'कोण हवंय?' असं विचारतो. 'कोणी नको, भिंतीचा रंग आवडला,' असं तो म्हणाला, तर आपण आधी त्याच्याकडे आणि मग दाराच्या कडीकडे बघतो. पण हेच आपण पणजीच्या फोंतेन्हासमध्ये गेलो की परक्याच्या पायरीवर खुशाल बैठक मारतो, मान तिरकी करतो आणि बायकोला बजावतो, "मागचं पिवळं आलं पाहिजे हं!"

1843 साली पणजी गोव्याची राजधानी झाली आणि त्या शतकात आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची ही वस्ती भरत गेली. भिंतीला भिंत लागून घरं, वर कौलं, रस्त्यावर झुकलेले सज्जे. गोव्याच्या खेड्यातल्या घराला अंगण असतं, माड असतो, भुंकायला कुत्रं असतं. इथे दार उघडलं की थेट रस्ता! म्हणजे आपण रस्त्यात उभे आहोत असं समजतो, तेव्हा निम्मे कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत शिरलेले असतो.

"रस्ता सार्वजनिक आहे, फोटोनं काय झिजतं?" असं विचारणारे भेटतात. आमच्या बँकेत काउंटरपुढची जागाही सार्वजनिकच आहे. म्हणून कोणी वाकून माझ्या डब्यातली भाजी बघत नाही. आणि झिजतं ते घरमालकाचं. पावसाळा सरला की रंग काढा, कौलं चाळा. खर्च त्याच्या नावे, पिवळा रंग आपल्या अल्बमात जमा! कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, हा ताळेबंद जुळत नाही. शेवटी रहिवाशांनी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या. आपण इतके रसिक, की पाटीचाही फोटो काढतो.

तिथे जाऊ नका, असं माझं म्हणणं नाही. जरूर जा, पण आवाज खाली ठेवून. संत सेबास्तियनच्या चॅपेलमध्ये जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला क्रूस आहे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. आपलेही थोडे उघडावेत. तिथल्याच बेकरीत चार पैसे खर्च करा. कोणी सज्जात दिसलं तर हसून नमस्कार करा. परवानगी दिली तरच कॅमेरा काढा.

काही घरांची अतिथिगृहं झालीच आहेत. उरलेली माणसंही कंटाळून गेली, तर रिकाम्या घराला रंग कोण काढणार? तेव्हा माणसांसाठी नाही, तर निदान त्या पिवळ्यासाठी तरी पायरीवरून उठा.