अस्थींची साक्ष

मुदखेड हे लोहमार्गांचे जंक्शन आहे. नांदेड, निझामाबाद आणि आदिलाबाद या तिन्ही दिशांची माणसे तेथून येत-जात असतात. अशा गावाच्या शिवारात उद्या नांगराच्या फाळाला मानवी हाडे लागली, तर ती कोणाची हे आपली व्यवस्था सांगू शकेल काय?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे खुर्दच्या रानात एक जळालेला मृतदेह मिळाला. अवशेषांचे नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे गेले; परंतु ना गुन्हा नोंदला गेला, ना अकस्मात मृत्यू. २०१५ मध्ये तीच जागा पुन्हा उकरावी लागली, तेव्हा कोठे ते अवशेष एका तरुणीचे असल्याचे प्रकरण पुढे आले. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु २०२४ च्या जूनमध्ये तीच हाडे सापडत नाहीत असे अभियोगपक्षाने सांगावे आणि पुढील महिन्यात ती दिल्लीच्या सी. बी. आय. कार्यालयात मिळावीत, यास काय म्हणावे?

वस्तुतः हाडे पुष्कळ काही सांगतात. स्त्रीचा कटिबंध प्रसूतीसाठी रुंद असतो. त्यावरून जाणकार शंभरांत सुमारे ९५ वेळा स्त्री-पुरुष भेद ओळखतो. केवळ लांब हाडे हाती असल्यास हे प्रमाण ८० च्या आसपास येते. बालकाचे वय दातांवरून, तरुणाचे हाडांची टोके जुळल्यावरून कळते. हासळीचे छातीकडील टोक तर पंचविशी उलटल्यावरही जुळत असते. मात्र या विद्येस मर्यादाही आहेत. वयात येण्यापूर्वीच्या मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, आणि तिशीनंतर वयाचा अंदाज दहा-दहा वर्षांनी मागेपुढे होतो. शिवाय वयाची अनेक कोष्टके अमेरिकेतील सांगाड्यांवरून बनलेली आहेत. गॅलस्टॉन यांनी बंगालमध्ये केलेला अभ्यास १९३७ चा. मराठवाड्यातील शेतमजुराचे वय त्यांवरून निःशंकपणे कसे सांगावे?

इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दफने मिळाली. घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेल्या त्या बालकांची वये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतील अभ्यासकांनी दातांवरून ठरविली. जी विद्या ताम्रपाषाणयुगातील बालकास उपलब्ध झाली, ती काल-परवा मेलेल्या माणसास का मिळू नये?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद केली आहे. ती स्वागतार्ह आहे. पण खरी मेख येथेच आहे. गुन्हा घडला की नाही हे हाडे तपासल्याविना कळत नाही, आणि गुन्हा नोंदल्याविना तज्ज्ञ येण्याचे बंधन नाही!

म्हणून आमचे म्हणणे असे की, मानवी हाडे मिळताच अकस्मात मृत्यूची नोंद व्हावीच. ती उचलण्यापूर्वी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शारीरशास्त्रज्ञास बोलवावे. नांदेडला असे शासकीय महाविद्यालय आहे, हे येथे सांगणे प्राप्त आहे. अहवालात एक आकडा ठोकून न देता वयाची मर्यादा लिहावी, ती बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींशी ताडून पाहावी, आणि हाडे कोणाच्या ताब्यात आहेत याची अखंड नोंद राहावी. यास कोट्यवधींचा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त.

आप्तांच्या अस्थी गोदावरीत विसर्जित केल्याविना आपल्या मनास स्वस्थता लाभत नाही. मग कोणा आईच्या बेपत्ता मुलाच्या अस्थी एखाद्या कपाटात बेवारस पडून राहाव्यात, हे आपण कसे सोसतो? त्या अस्थींना नाव परत देणे, हे शासनाचे तिच्यावरील उपकार नव्हेत. ते त्याचे कर्तव्य आहे.