ऑथॉरिटी कोणाची?

'ऑथॉरिटी' या इंग्रजी शब्दासमोर 'प्राधिकरण' असे लिहिले की आपले काम संपले, अशी शासकीय मराठीच्या कैवाऱ्यांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही.

लॅटिनमध्ये यासाठी दोन शब्द होते. पदाबरोबर येणारी सत्ता ती 'पोटेस्टास'. ज्याच्या शब्दाला लोक आपणहून मान देतात त्याचे वजन ते 'ऑक्टोरिटास'. पहिली रोमच्या पदाधिकाऱ्यांकडे, दुसरे सिनेटकडे. इंग्रजीने दोहोंची मोट एका शब्दात बांधली. म्हणून व्याकरणाचा जाणकारही ऑथॉरिटी आणि बंदराचा कारभार पाहणारे मंडळही ऑथॉरिटी. मराठीतला 'अधिकार' त्याहून पुढे गेला. संताचा अधिकार, साहेबाचा अधिकार, नागरिकाचा अधिकार, सारे त्यातच. माहितीचा अधिकार बजावायला जावे, तर टेबलापलीकडे माहिती अधिकारी बसलेला! एकाचा हक्क आणि दुसऱ्याचे पद यांना एकच शब्द पुरवला, की हक्कदार याचक दिसू लागतो.

हा नुसता शब्दच्छल आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी २००५च्या माहिती अधिकार कायद्यातील 'सार्वजनिक प्राधिकरणा'ची व्याख्या वाचावी. संविधानाने, कायद्याने वा शासकीय अधिसूचनेने स्थापन झालेल्या संस्था तीत येतातच. शासनाच्या पैशावर बऱ्याच अंशी चालणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही येतात. हुकूम सोडण्याचा येथे प्रश्नच नाही. उत्तर देण्यास जी बांधलेली ती ऑथॉरिटी. २०१३ साली केंद्रीय माहिती आयोगाने हीच व्याख्या सहा राष्ट्रीय पक्षांना लावली. एरवी सत्तेसाठी जिवाचे रान करणाऱ्या या पक्षांना ही ऑथॉरिटी मात्र नकोशी झाली. आपल्या आदेशाचे पालन झालेले नाही, हे २०१५ साली आयोगालाच नोंदवावे लागले.

'प्राधिकरण' या शब्दातून उत्तरदायित्वाची ही बाजू ऐकूच येत नाही. 'प्र' लावल्याने खुर्ची तेवढी उंच होते. निगडीत तर तो एका वस्तीचे नाव होऊन बसला आहे. ती वसवणारी संस्था २०२१ साली विसर्जित झाली, तरी नाव राहिलेच. इतका पोकळ शब्द कायद्याने वापरावा का? जेथे जाब देणे अभिप्रेत आहे तेथे मराठीने सरळ 'उत्तरदायी संस्था' म्हणावे. भारदस्तपणा कमी होईल, हे खरे. परंतु अर्ज घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला, आपण हिशेब मागायला आलो आहोत, एवढे तरी उमगेल.