आधी मोजा, मग बोला

अमेरिकेत निवडणूक आली की ‘स्थलांतरित आले, गुन्हे वाढले’ ही हाकाटी ठरलेलीच. आकडे वेगळेच सांगतात. परदेशात जन्मलेले लोक प्रमाणाबाहेर गुन्हे करतात, असे १९३१ साली गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या सरकारी विकरशॅम आयोगालाही आढळले नव्हते. टेक्सासमधील २०१२ ते २०१८ च्या अटकांच्या अभ्यासातही कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांचे गंभीर गुन्ह्यांतील अटकेचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमीच निघाले.

मग लोकांच्या मनातली भीती येते कुठून? हे शोधण्यासाठी सर्वेक्षण करताना तिथले प्राध्यापक विद्यार्थ्यांनाही हाताशी घेतात. पहिला धडा प्रश्नावलीतच मिळतो. ‘स्थलांतरितांमुळे गुन्हे वाढले, हे मान्य आहे का?’ असे विचारले की उत्तर होकाराकडे झुकते. ‘वाढले, घटले की फरक पडला नाही?’ असे विचारले तर खरे मत कळण्याची शक्यता वाढते. आधी संमती घ्यायची, नाव गुप्त ठेवायचे, न पटणारे उत्तरही जसेच्या तसे नोंदवायचे, हे नुसते वर्गात बसून अंगवळणी पडत नाही.

परप्रांतीयांवरून आपल्याकडेही अशाच वावड्या उठतात. आपल्या विद्यापीठांनीही विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना लोकांत पाठवावे. ऐकीव गोष्टींवर धोरणे ठरवणे कुणालाच परवडणारे नाही.