मागू द्या, आणि मागितलं की द्या

परिसरातील दुकानदार, शेजारी आणि आजी-आजोबांना जाहीर आवाहन

आपल्या भागातली काही स्वमग्न मुलं आई-बाबांबरोबर किंवा शिक्षिकेबरोबर तुमच्या दुकानात, दारात येऊ लागतील. काहींजवळ चित्रांची छोटी वही असेल. मूल त्यातलं एक चित्र काढून तुमच्या हातात ठेवेल. चित्र बिस्किटाचं असेल, तर ‘बिस्कीट!’ म्हणा आणि लगेच पुडा द्या. पैसे आम्ही देऊ. ‘आधी नाव सांग’, ‘थँक्यू म्हण’ हे त्या वेळी नको. माल संपला असेल, तर तसं सांगून दुसरं काही दाखवा.

यातली कितीतरी मुलं तक्त्यावरची फळं, प्राणी धडाधड ओळखतात. तहान लागली की मात्र किंचाळतात. ‘पाणी’ हा शब्द येतो, पाणी मागता येत नाही. वस्तूचं नाव सांगणं वेगळं आणि ती मागणं वेगळं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली मांडलं. एक आलं म्हणजे दुसरं येतंच असं नाही. म्हणून वर्तन विश्लेषणाच्या पद्धतीत सुरुवात बहुधा मागण्यापासून होते: आवडती वस्तू समोर, जरा थांबणं, अडलं तर मदत, मागितल्याबरोबर वस्तू हातात. मदत मग हळूहळू काढून घ्यायची. शब्द, खूण, चित्र, टॅबलेटचा आवाज, काहीही चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अशा पर्यायी साधनांना संवादच मानलं आहे. चित्रांमुळे बोलणं खुंटेल ही आजी-आजोबांची भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. काही मुलं उलट जास्त बोलू लागली.

कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं, की मूल आरडाओरडा करून जे मिळवतं तेच मागायला शिकवलं, तर आरडाओरडा कमी होतो. अट एकच, मागणं उपयोगी पडलं पाहिजे. वर्गात ताईंकडे मागणारं मूल वाण्याच्या दुकानात गप्प होतं, ते वर्गात कितीही तास वाढवून सुटत नाही. तिथे तुम्हीच लागता.

आजी, नातवाचा चेहरा बघून तुम्ही पेला पुढे करता. चार-पाच सेकंद थांबाल? त्याहून जास्त नको. रडवून मागायला लावणं हे शिकवणं नव्हे.

मुलाने ‘नको’चं चित्र दाखवलं, तर आग्रह थांबवा, मग तो लाडू घरचा का असेना. नकार देता येणं हीही भाषाच. वर्तन विश्लेषणाच्या याच पद्धतीच्या नावाखाली ‘डोळ्यांत बघ’, ‘हात हलवू नकोस’ अशी सक्तीही झाली. अनेक स्वमग्न प्रौढांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि आमच्या मते ते बरोबर आहेत. मूल तुमच्याकडे न बघता चित्र देईल. घ्या.

ज्या दुकानदारांची तयारी असेल, त्यांनी कमी गर्दीची वेळ आमच्यापैकी कुणालाही सांगावी. मालाचे फोटो काढणं, लॅमिनेशन करणं आमच्याकडे.

कळावे,
परिसरातील स्वमग्न मुलांचे पालक व शिक्षक