अर्धशिशीवर बंदीतले औषध

अर्धशिशी उठली की उजेड सोसवत नाही, आवाज सोसवत नाही, पोटात पाणी ठरत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उन्हातान्हात छाटणी करणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. पुरुषांच्या सुमारे तिप्पट बायकांना हा विकार असतो. म्हणूनच भ्रम निर्माण करणाऱ्या अळंबीतल्या सायलोसायबिनचा अर्धशिशीवर उपयोग होतो का, या प्रश्नाला नाक मुरडून चालणार नाही.

येल विद्यापीठाने २०२१ मध्ये दहा रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच लहान मात्रेनंतरच्या दोन आठवड्यांत अर्धशिशीचे दिवस आठवड्याला सरासरी १.६५ने घटले, नकली औषधावर ०.१५ने. शिवाय भ्रम किती झाला याचा या फायद्याशी संबंध दिसला नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण नशा टाळून आराम देता येईल अशी आशा तिच्यात आहे. पण रुग्ण दहाच, आणि आपल्याला खरे औषध मिळाले हे अशा प्रयोगात रुग्णाला बहुधा कळतेच. अर्धशिशीत तर नकली गोळीनेही पुष्कळांना बरे वाटते.

भ्रमकारी द्रव्ये आणि अर्धशिशीची औषधे यांचे नाते नवे नाही. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीतून अर्धशिशीचे अर्गोटामिन निघाले आणि त्याच बुरशीच्या रसायनांवर काम करताना आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये भ्रमकारी एलएसडी बनवले. एलएसडीचेच भावंड असलेले मेथिसर्जाइड डॉक्टर पुढे वर्षानुवर्षे अर्धशिशीसाठी देत होते. दीर्घ वापराने पोटाच्या मागच्या भागात तंतू वाढून मूत्रवाहिन्या दाबल्या जातात, हे मागाहून ध्यानात आले. त्यामुळे दोन आठवड्यांच्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

कायद्याची आडकाठी वाटते तेवढी नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे आठवे कलम वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला वाव ठेवते. त्याबाहेर मात्र कडक शिक्षा आहे, तेव्हा कोणी स्वतःवर प्रयोग करू नयेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. राज्यभरच्या संलग्न महाविद्यालयांतून रुग्ण निवडून, मनोविकाराचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना वगळून, वर्षभर पाठपुरावा करणारी चाचणी त्याने आखावी.

जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्यात अर्धशिशीचे निदानच होत नसताना हा खर्च कशाला, हा आक्षेप खरा आहे. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामके घेऊन डोकेदुखी वाढवून बसलेले रुग्ण गावोगाव आहेत, आणि प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन ही स्वस्त प्रतिबंधक औषधे त्यांना कोणी सुचवलेलीच नसतात. पण चाचणीत घ्यायचे ते ही औषधे नीट घेऊनही गुण न आलेल्यांनाच, अशी अट घातली, तर आधी ती औषधे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवावी लागतील. तेवढा निधी चाचणीच्या अंदाजपत्रकातच धरावा.