सराफाचा ठसा म्हणजे डाग नव्हे

राजूरसारख्या वणी तालुक्यातील गावातून कंपनी सरकारचा रुपया बाजारात आला आणि त्यावर सराफाचे बारीक ठसे दिसले, की संग्राहक नाक मुरडतो. मग तो रुपया चांदीच्या भावात मुशीत जातो, नाहीतर ठसे भरून, घासून ‘स्वच्छ’ म्हणून विकला जातो. या अडाणीपणाला छंद म्हणण्याची प्रथा आहे.

१८३५ पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, १२ भागांत ११ भाग चांदीचा. वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले ते १८५३ मध्ये. निजामाचा, नागपूरकर भोसल्यांचा आणि कंपनीचा रुपया कसाने सारखा नव्हता. सराफ नाणे वाजवी, तोली, बट्टा ठरवी आणि खूण उमटवी. राजाचा चेहरा पुरेसा नव्हता, पारख लागे. ठसा ही त्या पारखीची नोंद होय.

दुसरी लबाडी याच्या उलट: हाच खासगी ठसा ‘दुर्मिळ सरकारी छाप’ म्हणून चढ्या भावाने खपवणे. सरकारी छाप निराळी. पोर्तुगीज मोझांबिकमध्ये भारतीय रुपयांवर मुकुटासह ‘पीएम’ ही अक्षरे ठोकली गेली.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली होती. ती घासून ‘मूळ’ केली असती, तर सातवाहनांच्या विजयाचा केवढा पुरावा नाहीसा झाला असता!

जमिनीत सापडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. विक्रीच्या यादीत ‘दुर्मिळ’ हा शब्द ठळक असतो. नाणे सापडले त्या गावाचे नाव नसते.